कोऱ्या रकान्याचे उत्तर

"पेंड नेली एकानं आणि कापली सगळ्या गावाची," एवढेच बोलून दूध संकलन केंद्राच्या सचिवांनी माझ्यासमोर बिलांची चळत ठेवली. दहा दिवसांचा दुधाचा पगार त्या दिवशी वाटायचा होता आणि सभासद बाहेरच्या ओट्यावर येऊन बसले होते. थर्मल प्रिंटरमधून निघालेल्या, आपोआप गुंडाळी होणाऱ्या त्या अरुंद कागदांवर लिटर, फॅट, डिग्री, दर आणि रक्कम ही सारी उतरंड बरोबर होती. फक्त तळाशी, कपातीच्या ओळीत, जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे 'सरकी पेंड, २ पोती' असे छापून आले होते. ती दोन पोती ४७ क्रमांकाच्या सभासदाने खरोखरच उधारीवर नेली होती. त्याच्या बिलातही ती होतीच, म्हणजे चूक अशी होती की यंत्राने त्याची उचल कुणा दुसऱ्याच्या माथी मारली नव्हती, ती सगळ्यांना वाटून दिली होती.

त्या यंत्रातला हिशेबाचा भाग मी लिहिला होता, तोही लुआ या संगणकाच्या भाषेत. वजनकाटा, फॅट मोजणारे उपकरण आणि प्रिंटर यांना जोडणारी ती एक लहानशी पेटी होती. आतली मेमरी तुटपुंजी, त्यामुळे अंगाने सडपातळ असलेली ही भाषा तिथे बसली. दर बदलला, बोनसचा नियम बदलला, तर पेटी उघडावी लागू नये, एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांचा मजकूर, बदलून भागावे, हा हेतू. हेतू चांगलाच होता. ओट्यावरच्या माणसांना तो समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती, म्हणून त्या दिवशी कपातीची ओळ पेनाने खोडून, सचिवांच्या सहीनिशी पगार वाटला गेला आणि मी पेटी काखोटीला मारून घरी आलो.

लुआमध्ये माहिती साठवण्याची एकच रचना आहे. तिला टेबल म्हणतात. यादी हवी असो, कोश हवा असो, एखाद्या वस्तूचे वर्णन हवे असो की स्वतंत्र मॉड्यूल, सारे काही त्या एकाच टेबलातून घडवायचे असते. टेबलात एका बाजूला किल्ली असते आणि दुसऱ्या बाजूला तिचे मूल्य. (किल्लीला आम्ही बोलताना इंग्रजी शब्दच वापरतो, पण लिहिताना तो मी टाळतो, कारण मराठी वाक्यात 'की' आली की वाचणारा हमखास ठेचकाळतो.) जी किल्ली टेबलात नाही तिचे मूल्य विचारले, तर लुआ आरडाओरडा करत नाही. 'निल' नावाचे एक मूल्य मुकाट्याने हाती ठेवते. उलट बाजूने, एखाद्या किल्लीला निल दिले, म्हणजे ती किल्ली टेबलातून पुसली गेली. त्यामुळे जे कधी नव्हतेच आणि जे होते पण पुसले, या दोहोंत लुआच्या टेबलाला फरक कळत नाही. दोन्ही ठिकाणी कोरा रकाना.

कोऱ्या रकान्याचा त्रास हिशेब करताना होतो. एखाद्या सभासदाच्या एकूण लिटरांत आजचे पाच लिटर मिळवायचे आहेत, पण तो महिन्यात आज पहिल्यांदाच आला आहे. निल आणि पाच यांची बेरीज होत नाही आणि कार्यक्रम (प्रोग्राम) तिथेच थांबतो. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'असेल तर ते, नसेल तर शून्य' असे लिहीत जाणे. लुआत त्यासाठी 'ऑर' हा एक शब्द पुरतो. पण तो वीस ठिकाणी लिहावा लागतो आणि एकविसाव्या ठिकाणी राहून जातो. म्हणून मग मनात येते की हे टेबलालाच एकदा सांगून का ठेवू नये, की बाबा, तुझ्याकडे जे नसेल त्याचे उत्तर शून्य समज.

हे सांगून ठेवण्याची जागा म्हणजे मेटाटेबल. नावाने भारदस्त असले तरी ते दुसरे एक साधे टेबलच असते. पहिल्या टेबलाला ते चिकटवायचे आणि त्यात ठरावीक नावांच्या किल्ल्यांखाली लिहून ठेवायचे, की अमुक अडचण आली तर तमुक करावे. त्यांतली आपल्या कामाची किल्ली म्हणजे '__इंडेक्स'. टेबलात एखादी किल्ली सापडली नाही, तरच लुआ मेटाटेबलाकडे वळते आणि __इंडेक्सखाली काय आहे ते पाहते. तिथे फंक्शन, म्हणजे नाव घेऊन चालवता येणाऱ्या सूचनांचा संच, असेल तर त्याला मूळ टेबल आणि न सापडलेली किल्ली देऊन त्याचे उत्तर घेते. तिथे दुसरे टेबल असेल तर तीच किल्ली त्या टेबलात शोधते, तिथे नसेल तर त्याच्याही मेटाटेबलात, अशी ती पायरीपायरीने वर चढत जाते. किल्ली मूळ टेबलातच सापडली, तर यांतले काहीही घडत नाही, मेटाटेबलाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. शाळेत व्याकरणाच्या तासाला 'घरी जा' या वाक्यात 'तू' हा कर्ता अध्याहृत आहे असे शिकवत, तो प्रकार इथे फार वेगळा नाही. वाक्यात कर्ता लिहिलेला असेल तर तोच धरायचा आणि नसेल तरच ऐकणाऱ्याने बाहेरून आणायचा.

अशा बाहेरून आणलेल्या मूल्याला आम्ही डीफॉल्ट म्हणतो आणि त्या शब्दाने मला केंद्रावर एकदा चांगलेच अडचणीत आणले होते. चाचणीसाठी काढलेल्या एका कागदावर मी 'डीफॉल्ट' असा रकाना छापला होता. तो पाहून सचिवांचा चेहरा उतरला, कारण सहकारात डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार, आणि त्या रकान्याखाली संचालक मंडळातल्या दोघांचे क्रमांक आले होते. त्यानंतर मी तिथे 'गृहीत' हा शब्द वापरू लागलो. 'मूलनियोजित' किंवा 'पूर्वनिर्धारित' हे शब्द शुद्ध असले तरी ते फलकावरच शोभतात, गृहीत मात्र सचिवांनाही पटले.

घरी आल्यावर मी चुकीचा माग काढायला बसलो. कपातींचे एक टेबल होते. सभासद क्रमांक ही किल्ली आणि त्या सभासदाच्या कपातींची यादी हे मूल्य. ज्याची काही कपात नाही त्याची यादी रिकामी धरावी, म्हणून या टेबलाला मी गृहीत मूल्य म्हणून एक रिकामी यादी दिली होती. मी टेबलात काय काय आहे ते एकेक करून छापले. जुन्या कर्जाचे हप्ते चालू असलेल्या नऊ सभासदांच्या नऊ याद्या निघाल्या आणि सगळ्या बरोबर होत्या. पेंडीचा कुठे पत्ता नव्हता. एवढेच नव्हे, ज्याने पेंड नेली तो ४७ क्रमांकही त्या टेबलात नव्हता. मग मी टेबलाला सरळ ११२ क्रमांकाची कपात विचारली. हा सभासद यादीत नव्हता, त्याने काही नेले नव्हते, आणि तरी उत्तर आले, सरकी पेंड, २ पोती. तेराशे क्रमांकाचा सभासद गावातच नाही. त्यालाही विचारून पाहिले, तर त्याच्याही नावावर पेंड.

त्या क्षणी काय झाले आहे ते कळले आणि स्वतःवर चिडावे की हसावे ते कळेना. गृहीत मूल्य टेबलात नसतेच. ते विचारल्यावर मिळणारे उत्तर असते. टेबलावरून फेरी मारताना लुआ मेटाटेबलाला काही विचारत नाही, फक्त खरोखर नोंदलेल्या किल्ल्या दाखवते. म्हणूनच छापलेल्या यादीत काही दिसत नव्हते आणि विचारले की मात्र पेंड हजर होत होती. आता ही पेंड गृहीत यादीत शिरली कशी? गृहीत मूल्य शून्य असते तर काही बिघडले नसते, कारण शून्यात कोणी काही भरू शकत नाही. शून्यात पाच मिळवले तर नवा आकडा तयार होतो आणि तो ज्याचा त्याच्या किल्लीखाली नोंदला जातो. यादीचे तसे नाही. यादी ही पिशवी आहे. मी रिकामी पिशवी एकदाच शिवली होती आणि ज्याच्याकडे पिशवी नाही अशा प्रत्येकाला तीच एक दाखवली जात होती. ४७ क्रमांकाची पिशवी मागितली, तेव्हा ती सामाईक पिशवी हातात आली. स्क्रिप्टने त्यात पेंडीची चिठ्ठी टाकली आणि ती पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. ४७ च्या नावावर काहीच नोंदले गेले नाही. ज्या नऊ जणांच्या स्वतःच्या पिशव्या होत्या ते तेवढे वाचले. गावात ज्यांच्यावर कर्ज होते त्यांचीच बिले त्या दिवशी बरोबर आली, हे ऐकून सचिव बराच वेळ हसत होते.

दुरुस्ती सोपी वाटली. __इंडेक्सखाली ठेवलेल्या फंक्शनने प्रत्येक वेळी नवी रिकामी यादी बनवायची आणि परत देण्याआधी ती विचारलेल्या किल्लीखाली मूळ टेबलात नोंदवायची. म्हणजे ज्याने पिशवी मागितली त्याच्या नावाची पिशवी त्याच क्षणी शिवली जाणार. पेंड जागच्या जागी बसली. पण आठवड्याने वेगळीच तक्रार आली, की सभासदांची संख्या तीनशे दिसते. महिनाअखेरच्या अहवालात मी १ ते ३०० या प्रत्येक क्रमांकाची कपात विचारत होतो आणि विचारल्यासरशी प्रत्येक क्रमांकाची एकेक रिकामी यादी जन्माला येत होती. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी सभासद मोजायला मी त्याच टेबलावर फेरी मारली होती. नुसते पाहिल्याने नोंद होते, असा हा प्रकार. पायथन या दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्यांना तिथला गृहीत मूल्य देणारा कोश, डीफॉल्टडिक्ट, वापरताना हीच ठेच लागते, तेव्हा दोष एकट्या लुआचा नाही. वहीवरून नजर फिरवली म्हणून वहीत ओळी वाढू नयेत, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

मग मी वाचणे आणि भरणे वेगळे केले. भरताना नवी यादी बनवून नोंदवायची, नुसते वाचताना एकच सामाईक रिकामी यादी द्यायची, पण तिला कुलूप लावायचे. कुलूप लावायलाही मेटाटेबलच कामी येते. त्यात '__न्यूइंडेक्स' नावाची किल्ली असते आणि टेबलात नसलेल्या किल्लीला मूल्य देऊ गेले की लुआ तिकडे वळते. तिथे चूक फेकणारे फंक्शन ठेवले की रिकाम्या यादीत कोणी काही टाकू शकत नाही, असे मी समजून चाललो. मुद्दाम चुकीची नोंद करून पाहिली, तर ती बिनबोभाट आत गेली. पेटीतली लुआ ५.१ होती आणि त्या आवृत्तीतल्या टेबल लायब्ररीचे (टेबलासाठीच्या तयार फंक्शनांच्या संचाचे) 'इन्सर्ट' हे यादीत नोंद घालणारे फंक्शन मेटाटेबलाला बगल देऊन थेट टेबलात लिहिते. ५.३ पासून ही लायब्ररी मेटाटेबलाचा मान राखू लागली. माझ्या पेटीत कुलूप दाराला होते आणि इन्सर्ट खिडकीतून येत होते. अखेर मी इन्सर्ट वापरणे सोडले आणि यादीच्या शेवटच्या क्रमांकापुढच्या किल्लीला थेट मूल्य देऊन नोंद करू लागलो. तेव्हा कुठे कुलूप वाजले.

या निमित्ताने मी भाषेचा इतिहास वाचला आणि गृहीत मूल्य कुठे ठेवायचे हा प्रश्न या भाषेने स्वतःही तीनदा सोडवलेला आहे हे पाहून बरे वाटले. लुआ जन्मली १९९३ मध्ये, ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या पाँटिफिकल कॅथॉलिक युनिव्हर्सिटीतल्या टेकग्राफ या संगणक-आलेखन गटात. रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे तिघे कर्ते. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलने परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर यांच्यावर कडक आयातबंधने घातली होती, त्यामुळे हवी ती साधने घरीच बनवण्याची सवय तिथल्या अभियंत्यांना लागलेली होती. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीसाठी या गटाने डेल आणि सोल अशा दोन छोट्या भाषा केल्या होत्या. त्यांना पुढे एकत्र गुंफताना नवी भाषा तयार झाली. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य, म्हणून नव्या भाषेला चंद्राचे नाव मिळाले, लुआ.

१९९५ च्या २.१ या आवृत्तीत 'फॉलबॅक' आले. टेबलात किल्ली नसली तर काय करायचे, याचे एकच फंक्शन सगळ्या कार्यक्रमासाठी नेमता येत असे. म्हणजे सगळ्या गावाला एक गृहीत. दोन वेगळ्या लोकांनी लिहिलेले भाग एकत्र आले आणि दोघांनाही आपापले गृहीत हवे असले की पंचाईत होई, मग आधीच्याचे फंक्शन बाजूला जपून ठेवून आपल्या फंक्शनातून त्याला हाक मारत बसावे लागे. १९९७ च्या ३.० मध्ये टेबलांना 'टॅग' लावता येऊ लागले आणि प्रत्येक टॅगचे गृहीत वेगळे ठेवता येऊ लागले. गावाऐवजी आता वाडीवाडीला एक. २००३ च्या ५.० मध्ये टॅग हा मधला दलाल काढून टाकला गेला आणि प्रत्येक टेबलाला थेट स्वतःचे मेटाटेबल जोडण्याची सोय झाली. हवे तर शंभर टेबलांनी एक मेटाटेबल वाटून घ्यावे, हवे तर प्रत्येकाने आपले वेगळे ठेवावे. मी पहिल्या दिवशी केलेली चूक फॉलबॅकच्या काळातली नव्हती हे खरे, पण सगळ्या गावाला एकच पिशवी टांगण्याची वृत्ती तीच.

वाटून घ्यावे की वेगळे ठेवावे, हा प्रश्न माझ्यापुढे लगेचच आला. प्रत्येक सभासदाचे स्वतःचे एक टेबल होते आणि प्रत्येकाचे गृहीत वेगळे होते. कुणाचे दूध गाईचे, कुणाचे म्हशीचे, आणि ज्याने काही सांगितले नाही त्याचा प्रकार त्याच्या मागच्या नोंदीवरून धरायचा. सर्वांत सरळ पद्धत अशी, की सभासदाचे गृहीत मूल्य पोटात धरून ठेवणारे एक फंक्शन बनवायचे, ते नव्या मेटाटेबलात ठेवायचे आणि ते मेटाटेबल त्या टेबलाला चिकटवायचे. एकदोन टेबलांसाठी याहून चांगले काही नाही. दोनशे चौदा सभासदांसाठी मात्र दोनशे चौदा मेटाटेबले आणि तेवढीच फंक्शने तयार झाली आणि आमची पेटी धापा टाकू लागली.

दुसरी पद्धत काटकसरीची. मेटाटेबल सगळ्यांत एकच ठेवायचे आणि प्रत्येक टेबलाचे गृहीत त्या टेबलातच एका गुप्त किल्लीखाली लपवायचे. सामाईक फंक्शन विचारलेल्या किल्लीकडे लक्षच देत नाही, ते फक्त त्या टेबलातली गुप्त किल्ली वाचून देते. गुप्त किल्लीला कोणाशी टक्कर होणार नाही असे नाव हवे असते, आणि त्यासाठी लुआत एक सुंदर सोय आहे. कोणतेही टेबल स्वतःच किल्ली होऊ शकते आणि प्रत्येक नवे टेबल दुसऱ्या कोणत्याही टेबलाहून वेगळे असते, म्हणून एक रिकामे टेबल बनवून त्यालाच किल्ली करायचे, की जगात तिची दुसरी प्रत नाही. दोन खाचखळगे मात्र आहेत. एखाद्या टेबलात गुप्त किल्ली ठेवायची राहून गेली, तर फंक्शन ती वाचायला जाते, ती सापडत नाही म्हणून लुआ पुन्हा त्याच फंक्शनला बोलावते, ते पुन्हा वाचायला जाते, आणि स्टॅक, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या हाकांची नोंद ठेवणारी मेमरी, भरून कार्यक्रम कोसळेपर्यंत हे चालते. मेटाटेबल न विचारता थेट टेबलात पाहणारे 'रॉगेट' वापरले की ही फुगडी थांबते. दुसरा खळगा असा, की गुप्त किल्ली फेरीत दिसते. माझ्या दहा दिवसांच्या फेरीत प्रत्येकाच्या नावावर एक अकरावा दिवस निघाला, तो हाच.

तिसऱ्या पद्धतीत गृहीत मूल्ये बाहेर, एका वेगळ्या टेबलात ठेवतात. सभासदाचे टेबल ही किल्ली, त्याचे गृहीत हे मूल्य. एरवी या नोंदीमुळे सभासदाचे टेबल कधीच मोकळे होणार नाही, कारण कोणीतरी त्याचे नाव धरून बसले आहे, म्हणून या बाहेरच्या टेबलाच्या किल्ल्या 'वीक' ठेवायच्या. मग गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा लुआचा भाग, तेवढ्या एका नोंदीला धरून राहणे मानत नाही आणि सोडलेले टेबल उचलून नेतो. गृहीत मूल्यच उलटून त्या टेबलाकडे बोट दाखवत असेल, तर ५.१ मध्ये ही युक्ती फसते आणि दोघेही कायमचे अडकून पडतात. ५.२ पासून ती गाठ सुटली. माझी गृहीत मूल्ये साध्या शब्दांची होती, मला ही अडचण आली नाही. आजही मी हीच पद्धत वापरतो, जरी ती वाचणाऱ्याला समजावून सांगायला पान खर्ची पडते.

एव्हाना मला या सोयीची चटक लागली होती आणि मी जिथे तिथे गृहीत मूल्ये लावत सुटलो होतो. लिटरांना शून्य लावले ते ठीक, कारण बेरजेत शून्याने कोणाचे काही बिघडत नाही. फॅटलाही शून्य लावले आणि सरासरी गडगडली. सकाळी दूध घातले, संध्याकाळी घातले नाही, तर त्या सभासदाची सरासरी फॅट निम्मी दिसू लागली. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यावर धरतात, त्याखाली गेले की दर घसरतो. न आलेल्या दुधाची फॅट शून्य नसते. तिला फॅटच नसते. गृहीत मूल्य लावलेले नसते तर बेरीज निलवर अडली असती, कार्यक्रम थांबला असता आणि मला पहिल्याच दिवशी चूक सापडली असती.

सभासद क्रमांकाची गंमत आणखी वेगळी. लुआच्या टेबलात ४७ हा आकडा आणि '४७' ही अक्षरे या दोन निराळ्या किल्ल्या आहेत. पेटीच्या बटणांवरून आलेला क्रमांक अक्षरांच्या रूपात येई आणि टेबलात नोंदी आकड्यांखाली असत. कुठे एका ठिकाणी रूपांतर करायचे राहिले होते, तिथे ४७ चे लिटर विचारले की शून्य येई. निल आले असते तर शंका आली असती. शून्य आल्यावर मला वाटले, आज आला नसेल. दरपत्रकाचे गृहीत मूल्य मी त्यानंतर काढूनच टाकले आणि तिथे उलट सोय केली, की पत्रकात नसलेला दर कोणी मागितला तर __इंडेक्सचे फंक्शन काहीही परत न देता चूक फेकते आणि कोणत्या फॅटला दर सापडला नाही तेही सांगते. चाल जुनीच आहे. बरेच जण सगळ्या कार्यक्रमाच्या ग्लोबल टेबलाला, म्हणजे कुठूनही वाचता येणारी नावे जिथे असतात त्याला, असे मेटाटेबल लावून ठेवतात, म्हणजे नावात एक अक्षर चुकले तर निल मिळण्याऐवजी तिथल्या तिथे कान धरला जातो. रेडिस या डेटाबेसमध्ये लुआच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनाही हा अनुभव असतो, न घोषित केलेले ग्लोबल नाव वाचले की ते लगेच अडवते.

लुआ आपल्याला माहीत नसताना मराठीतही वावरते आहे. विकिपीडियाच्या साच्यांमागे, म्हणजे पानापानांवर वापरल्या जाणाऱ्या तयार चौकटींमागे, २०१३ पासून लुआ चालते आणि मराठी विकिपीडियावर अशा स्क्रिप्टांची पाने 'विभाग' या नामविश्वात, म्हणजे पानांच्या गटात, असतात. तिथे हात घातला तेव्हा एका जुन्या ओळखीच्याने नव्या वेषात गाठले. साच्यात एखादा रकाना लिहिलाच नाही, तर स्क्रिप्टला निल मिळते आणि गृहीत मूल्य लागू होते. पण रकान्याचे नाव आणि बरोबरचे चिन्ह लिहून पुढे काहीच लिहिले नाही, तर निल न मिळता रिकामी अक्षरमाला, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, मिळते. लुआच्या लेखी फक्त निल आणि फॉल्स (असत्य) या दोनच गोष्टी नकारार्थी आहेत, शून्य आणि रिकामी अक्षरमाला दोन्ही होकारार्थी. त्यामुळे 'जन्मस्थान =' एवढेच लिहून सोडलेल्या रकान्याला गृहीत मूल्य लागत नाही, तिथे नुसती मोकळी जागा छापली जाते. शिवाय साच्याचे हे रकाने स्क्रिप्टच्या हाती येतात तेच मुळी मेटाटेबल लावलेल्या टेबलातून, विचारला तो रकाना त्या वेळी आणून देणाऱ्या. त्या टेबलाची लांबी मोजायला गेले तर उत्तर भलतेच येते. ११२ क्रमांकाची पेंड पाहिलेली असल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.

केंद्रावर शेवटची दुरुस्ती करायला गेलो, तेव्हा सचिव पेटीशेजारी आपली जुनी वही उघडून बसले होते. पेटी आली तरी वही त्यांनी सोडलेली नव्हती. मी सहज त्या पानावर पाहिले. प्रत्येक सभासदापुढे सकाळ-संध्याकाळचे रकाने होते आणि बऱ्याच ठिकाणी आकडा नव्हता, पण तो नसण्याच्या तीन तऱ्हा होत्या. काही ठिकाणी आडवी रेघ, काही ठिकाणी गोल शून्य, काही ठिकाणी काहीच नाही.

मी विचारले तर म्हणाले, "साहेब, रेघ म्हणजे आज घालणार नाही म्हणून त्याचा निरोप आलाय. शून्य म्हणजे आणलं होतं, पण फाटलं, परत दिलं. आणि कोरं म्हणजे मला अजून काही ठाऊक नाही. कदाचित येईल, कदाचित मीच लिहायचा विसरलो असेन."

घरी आल्यावर मी स्क्रिप्टमध्ये तेच केले. रेघेसाठी फॉल्स, परत केलेल्या दुधासाठी शून्य, आणि कोऱ्यासाठी काहीही न नोंदणे, म्हणजे निल. __इंडेक्स फक्त निलच्या वेळी जागे होते. फॉल्स ही खरी नोंद असल्यामुळे तिथे ते ढवळाढवळ करत नाही. माझी जुनी 'ऑर' लिहिण्याची सवय इथे घातक ठरली असती, कारण ऑरला फॉल्स आणि निल दोन्ही सारखेच आणि त्याने रेघेवरही गृहीत मूल्य चढवले असते, म्हणून ते सगळे ऑर शोधून काढून टाकले. लिटरांच्या बेरजेआधी रेघ आहे का ते वेगळे तपासले. आणि कोऱ्या रकान्याला मी आता बिलात शून्य धरत नाही. संध्याकाळचे संकलन संपले की पेटी एक वेगळी चिठ्ठी छापते, तिच्यावर फक्त कोरे राहिलेले क्रमांक असतात आणि प्रत्येकापुढे मोकळी जागा. सचिव चष्मा लावून, त्या चिठ्ठीवर पेनाने एकेक रेघ किंवा आकडा लिहितात आणि मग बटणांवरून पेटीला सांगतात.